विहिरीकडच्या पट्ट्यातला हरभरा

हरभऱ्यावर अळी सापडत नाही म्हणून रडकुंडीला आलेली बाई आमच्या अख्ख्या भावकीत मी एकटीच असेन. येळवसेचा दिवस होता. मार्गशीर्षातल्या अमावस्येला आमच्याकडं सगळं गाव रानात जेवायला जातं, तो दिवस. मी दादाच्या शेतात विहिरीकडच्या पट्ट्यात उकिडवी बसून एकेक झाड उलटंपालटं करून बघत होते. अळी नाही. कुरतडलेलं पान नाही. एकाही घाट्याला भोक नाही. मागं कडब्याच्या कोपीपाशी पाहुणे हसत होते, कुणीतरी लाऊडस्पीकरसारखा ओरडून आंबील मागत होता, आणि मी पुढचं झाड उलटं करत होते.

आता अळी नाही तर बाईनं देवापुढं नारळ फोडावा, रडते कशाला, असं कुणीही विचारेल. म्हणून आधीपासून सांगते.

मी परभणीत एका प्रयोगशाळेत कामाला आहे. कंत्राटी. दरवर्षी मार्च जवळ आला की पुढच्या वर्षी आपण आहोत की नाही, हा घोर सुरू होतो, आणि आता त्या घोराचाही कंटाळा आलाय. काम काय, तर माशा पाळायच्या. गांधीलमाशीच्या नात्यातल्या, पण अगदी बारीक, डासापेक्षा थोड्या मोठ्या. माणसाला चावत नाहीत. गलोलीच्या बेचक्यासारखी दोन फाटे फुटलेली काचेची नळी असते. एका फाट्याच्या टोकाला अळीनं खाल्लेला हरभरा ठेवायचा, दुसऱ्याच्या टोकाला कात्रीनं कापलेला. दोन्हीकडून हलकी हवा सोडायची आणि माशीला खालच्या दांड्यात सोडून बघत बसायचं. ती मिशा हलवत चालत येते, बेचक्यात थांबते, आणि बहुतेक वेळा अळीनं खाल्लेल्या झाडाकडं वळते. कात्रीच्या झाडाकडं ढुंकून बघत नाही. काही माशा मात्र बेचक्यातच बसून राहतात, इकडं ना तिकडं. त्यांचा मला राग येत नाही. दुपारी चारला माझंही तसंच होतं.

गोष्ट एवढीच आहे की अळीची लाळ पानाच्या जखमेत उतरली की झाड वेगळा वास सोडतं. आपल्या नाकाला तो कळत नाही. माशीला कळतो. ती त्या वासावर येते, लहान अळी शोधते आणि तिच्या अंगात अंडं टोचते. आतलं पिल्लू अळीला आतूनच खातं. अळी मोठी होण्याआधीच मरते, पिल्लू बाहेर येऊन तिच्या सुकलेल्या कातडीशेजारी स्वतःभोवती कोष विणतं. तांदळाच्या दाण्याएवढा, राखाडी, वर काळे ठिपके. त्यातून पुन्हा माशी. हे मी लग्नाच्या पंगतीत एकदा सांगितलं होतं, तेव्हापासून मला कुणी पंगतीत काही विचारत नाही.

विचारलं ते फक्त वहिनीनं.

वहिनी म्हणजे दादाची बायको. ती या घरात आली तेव्हा मी शाळेत होते. आई पहाटेच रानात जायची, म्हणून माझ्या वेण्या वहिनी घालायची. इतक्या घट्ट की डोळे ताणले जायचे. अजूनही तिचा हात डोक्यावर आला की मी मान आपोआप ताठ करते. तिनं आयुष्यात मला काही मागितलं नव्हतं. गेल्या वर्षीच्या भाऊबीजेला मात्र मागितलं.

त्याच्या आधीच्या हिवाळ्यात तिला फवारणी लागली होती. पंप दादाच्या पाठीवर असतो, पण विहिरीवरून पाणी आणायचं, औषध कालवायचं, टाकी भरून द्यायची, हे वहिनीकडं. वारं फिरलं, सगळं तिच्या अंगावर आलं. संध्याकाळी उलट्या, मान धरवेना. गंगाखेडला नेऊन सलाईन लावली. त्यातून उठली, पण नंतर शेजारच्या रानात कुणी फवारलं तरी तिचं डोकं फुटायला यायचं, डोळ्यांची आग व्हायची. आणि पुढच्या फवारणीला पुन्हा घागर घेऊन तीच उभी. गडी मिळत नाही, मिळाला तर टिकत नाही.

"ताई," भाऊबीजेला चुलीपाशी ती म्हणाली, "तुमच्या त्या माशा खरंच येत असत्याल तर मला त्या पंपाच्या पान्यातून सोडवा. मी लय बेजार झाले."

मी तिला नळीचं, वासाचं सगळं सांगितलं. मोबाईलवर माशीचा फोटो दाखवला. ती बोटानं मोठा करून बघत राहिली.

"म्हंजी अळी खायली की झाड बोंब मारतंय?"

"तसंच समजा."

"अन् ही येती?"

"येते."

"नवलच हाय," ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली. "आमी बोंबलावं तर कुनी येत न्हाई."

हे ती हसत म्हणाली. मी पण हसले. पण माझ्या मनातून ते गेलं नाही.

दादाशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं नव्हे, तेवढं तरी बरं. तो वाईट माणूस नाही. वाईट असता तर सोपं गेलं असतं, चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. आपलेच दात, आपलेच ओठ. यंदाच्या पेरणीआधी मी विषय काढला तेव्हा तो म्हणाला, "मग काय रान अळीच्या घशात घालू?" मी म्हणाले, विहिरीकडचा एक पट्टा दे, बाकीचं तुझं तू कर. खूप वेळ दाढी खाजवून झाली. मग म्हणाला, "ठीक हाय. त्या पट्ट्याला पंप लावत न्हाई. येळवसेला सगळ्यांदेखत बगू. अळी आवरली तर पुढल्या सालापासून सगळ्याच हरभऱ्याची फवारनी बंद. न्हाई आवरली तर मग तू अन् तुझ्या वैनीनं ह्या गोष्टीवर पुन्यांदा तोंड उघडायचं न्हाई."

असं ठरलं. वहिनीची सुटका त्या विहिरीकडच्या पट्ट्यावर लागली होती, आणि ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

यंदा पेरताना हरभऱ्याच्या ओळींत मी कोथिंबीर टाकायला लावली. तिच्या बारीक पांढऱ्या फुलांवर माशांना खायला मिळतं. वहिनीला ते पटेना. भाजीची कोथिंबीर फुलावर जाऊ द्यायची म्हणजे घरात बाई नाही असं लोक म्हणतील, हे तिचं म्हणणं. पण सोडली तिनं. नंतर एकदा रजा काढून मी गेले, तेव्हा पानांवर बारीक अळ्या होत्या आणि त्यांच्यावर एक माशी घिरट्या घालत होती. मला एवढा आनंद झाला की मी बांधावर बसून एकटीच हसले. वहिनीला बोलावून दाखवेपर्यंत माशी उडून गेली. काचेच्या नळीबाहेर, खऱ्या रानात, कुणी न सोडता आलेली माशी मी फार दिवसांनी बघत होते.

मग फोन सुरू झाले. "ताई, अळ्या दिसायल्यात."

"असू द्या वैनी. अळीच नसली तर झाड कुणाला बोलावील?"

"पर किती असू द्यायच्या?"

"घाबरू नका. येतील माशा."

"बरं," ती म्हणायची, आणि फोन ठेवायच्या आधी थोडी थांबायची. पुढं पुढं तिनं अळीचं नाव काढणं बंद केलं. काय म्हणतोय पट्टा, असं विचारलं की, "चांगला हाय." मला वाटलं, माशांनी काम हातात घेतलं. मला पुन्हा जायचं होतं, पण प्रयोगशाळेत त्याच वेळी नव्या माशांची पिढी निघाली, दोघी जणी रजेवर, मी एकटी. घरी आले की चप्पल काढायचंही जिवावर यायचं.

येळवसेला पहाटेची बस धरली. गंगाखेडपर्यंत उभी. तिथून राणीसावरगावच्या गाडीत अर्धी सीट मिळाली, उरलेल्या दीड सीटवर एक बाई आणि तिचं बाजरीच्या वाफवलेल्या उंड्यांचं गाठोडं. फाट्यावर दादा मोटरसायकल घेऊन आलेला. तो खुशीत होता. "चल, तुझं रान बग आधी," म्हणाला. आणि मी बघितलं.

अळी नाही एवढंच असतं तर मी नाचले असते. पण माशांनी अळी मारली की मागं खूण राहते. सुकलेली कातडी, शेजारी तो ठिपक्यांचा कोष. दहा झाडं चाळली की एखादा तरी हाताला लागतोच. इथं कोष नव्हते. एकही नाही. पाहुणे यायचे म्हणून अंगण झाडून काढावं तसं रान स्वच्छ होतं. माशा आल्याच नव्हत्या, अशीच माझी समजूत झाली. मग अळ्या गेल्या कुठं? मला वाटलं, दादानं चोरून फवारलं. वास घेतला. नाही. शेजारच्या रानातून औषध उडून आलं म्हणावं तर कोथिंबिरीवर मधमाश्या मजेत होत्या.

दादा घागरीतली आंबील शिंपडत, आरोळी देत रानाभोवती फिरून आला. पुरुषांची पंगत बसली. सगळ्या हिरव्या दाण्यांची पातळ भज्जी, उंडे, खीर. आणि दादानं सगळ्यांदेखत सांगून टाकलं.

"हा पट्टा बगा. एक डाव पंप लावला न्हाई. माझ्या बहिनीच्या माशांनी राखला. पुढल्या सालापासून अख्ख्या हरभऱ्याला फवारनी बंद!"

"माशा चावत्यात का रं?" एका चुलत्यानं विचारलं.

"चावत असत्या तर पैलं तुमाला चावल्या असत्या काका, लय गोड खाता तुमी."

"त्यास्नी जेवाया वाढलं का न्हाई? एक पंगत माशांची बसवा की!"

सगळे हसले. दादाच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दलचा अभिमान होता. लहानपणी मी पहिली आले की असायचा तोच. मला तो बघवेना. मी वहिनीकडं बघितलं. जिच्यासाठी हे सगळं केलं, ती खाली मान घालून भज्जी वाढत होती. माझ्यासमोर आली तेव्हा तिची बोटं दिसली.

नखांच्या कडा काळ्या पडलेल्या, पेरांवर भेगा, भेगांत लाल. हरभऱ्याच्या पाल्यावर आंब असते. आई पहाटे दवात झाडांवर धडपं अंथरायची आणि पिळून ती आंब बाटलीत ठेवायची, पोटदुखीला. पाल्याची भाजी खुडली तरी दिवसभर बोटं चरचरतात. पण ही भाजी खुडल्याची बोटं नव्हती. ही रोजची होती.

पंगतीत पाणी संपलं, तशी वहिनी घागर घेऊन विहिरीकडं निघाली. मी तिच्यामागं गेले आणि तिचा हात धरला.

"हे काय वैनी?"

तिनं हात सोडवायला बघितलं. मी सोडला नाही.

"येचत व्हते," ती म्हणाली. "अळ्या. रोज पहाटं, ही मान्सं उठायच्या आदी."

"कामून पण?"

"कामून म्हंजी?" ती एकदम तडकली. तिला अशी तडकलेली मी कधी बघितली नव्हती. "तुमच्या माशा न्हाई आल्या तर? ह्यांनी पंप काडला असता. पानी कुनी आनलं असतं, तुमी? तुमी तर परभनीला. तुमच्यावर इस्वास न्हाई असं न्हाई ताई. पर माशीवर कसा ठिवू? तिनं मला कुठं बगितलंय?"

मला राग आला होता, पण कुणाचा ते कळेना. या बाईनं पहाटेच्या थंडीत, दवात, आंबेनं हात फाडून घेत एकेक अळी वेचली होती. का, तर माशा पास व्हाव्यात म्हणून. परीक्षा माशांची आणि पेपर वहिनीनं लिहिलेला.

"अन् अंडी बी ठिवली न्हाईत," ती थोडी शांत होऊन म्हणाली. "म्हटलं, फुटली तर अजून लय व्हतील."

"कसली अंडी?"

विहिरीच्या कठड्यामागं पत्र्याचा एक डबा होता. साबणाच्या पाण्यानं भरलेला. तिनं तो पुढं सरकवला. वर फुगलेल्या अळ्या तरंगत होत्या, थोड्याच. आणि त्यांच्याबरोबर राखाडी दाणे. काळ्या ठिपक्यांचे. पुष्कळ.

मी एक दाणा नखावर घेतला. फोडला. आत माशी होती, पंख मिटलेली, जवळपास पुरी झालेली. मेलेली.

"वैनी, ही अंडी न्हाईत."

"मग?"

"ही माशी हाय."

ती वाकली. माझ्या नखावरचं ते बघत राहिली, दिवाळीला मोबाईलवरचा फोटो बघितला होता तसं. मी तिला माशी दाखवली होती, हा दाणा दाखवला नव्हता. अळी कमी दिसायला लागली की याच दाण्यांकडं बघायचं असतं, हे मला इतकं पाठ होतं की सांगायचं सुचलंच नाही.

"आल्या व्हत्या?" तिनं विचारलं.

"आल्या होत्या."

"शेवटी शेवटी अळ्या लय कमी झाल्या," ती हळू म्हणाली. "हीच जास्त सापडायली. मी म्हनलं, एवढी अंडी कुठून येयलीत." मग ती कठड्यावर बसली. घागर बाजूला कलंडली, तिकडं तिचं लक्ष नव्हतं. "आल्या व्हत्या. अन् मी बुडिवल्या."

मी म्हणाले, जाऊ द्या, तुम्हाला काय माहीत. ती ऐकत नव्हती. पदरानं डोळे पुसायला गेली आणि भेगांना मीठ लागल्यासारखं तोंड वाकडं केलं.

"मला वाटलं कुनी येत नसतंय," ती म्हणाली.

मीही कठड्यावर बसले. कोपीकडून पाण्यासाठी हाका यायला लागल्या होत्या. मी मनात हिशेब मांडत होते. गप्प बसावं, तर दादा पुढच्या वर्षी सगळं रान विनाफवारणीचं ठेवणार, आणि पहिली अळी दिसली की ही बाई सगळं रान वेचत बसणार. सांगावं, तर दादा म्हणणार, माशांनी काही केलं नाही, काढा पंप. डब्यातले दाणे दाखवले तरी तो ओळखणार थोडीच! करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मी इतकी दमले होते की मला फक्त कुणीतरी परभणीला नेऊन सोडावं असं वाटत होतं.

"मी सांगते दादाला," शेवटी मी म्हणाले. "माझं काम होतं, मी निस्तरते."

"तुमी गप बसा," वहिनी म्हणाली. वेणी घालताना म्हणायची त्याच सुरात. माझी मान ताठ झाली.

तिनं घागर तिथंच ठेवली आणि डबा उचलला. कोपीपाशी पुरुष अजून पंगतीत होते. ती सरळ दादापुढं गेली आणि त्याच्या पत्रावळीशेजारी डबा ठेवला.

"हे काय?" दादा मागं सरकला.

"तुमच्या बहिनीच्या माशा," ती म्हणाली. "ह्या दान्यात हायेत. आल्या व्हत्या. मला वळखू आल्या न्हाईत. अळ्या मी येचल्या, रोज, अन् त्यांच्यासंगं ह्या बी मारल्या. पट्टा मी राखला, त्यास्नी राखू दिला न्हाई."

मघाचा तो चुलता उंडा हातात धरून तसाच थांबला. दादानं डब्यात बघितलं, मग वहिनीच्या हातांकडं बघितलं. बहुतेक पहिल्यांदाच, आणि बराच वेळ.

"पुढल्या साली मी अळी येचनार न्हाई," वहिनी म्हणाली. "अन् पंपाला पानी बी आननार न्हाई."

"मग करनार काय?" दादाचा आवाज चढला नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

"बसनार. बांधावर बसून बगनार, येत्यात का न्हाई."

आणि ती बसली. बायकांची पंगत अजून व्हायची होती, पण पुरुषांच्या ओळीत एक जागा रिकामी होती, तिथं तिनं मांडी घातली आणि पत्रावळ पुढं ओढली. "ताई, वाढा मला," म्हणाली. इतक्या वर्षांत वहिनीला सगळ्यांच्या आधी जेवताना मी बघितलं नव्हतं. मी भज्जी वाढली, वर उंडा कुस्करून घातला. तिनं भेगाळलेल्या बोटांनी पहिला घास घेतला.

"पानी आना रं कुनीतरी," पलीकडून कुणीतरी म्हणालं, आणि सवयीनं सगळ्यांनी वहिनीकडं बघितलं. ती जेवत राहिली. मी उठणार होते. तेवढ्यात दादा उठला, हात धुवायलाही थांबला नाही, आणि विहिरीकडं घागर आणायला गेला.